क्राइस्टला जायचंय? आधी पंच्याऐंशी टक्क्यांचा हिशोब करा

दिवाळीचा फराळ संपायच्या आत माझा फोन वाजायला लागतो. आधी आईच्या भिशीतल्या काकू, मग मावशीच्या बिल्डिंगमधल्या वहिनी, मग बाबांच्या ऑफिसातलं कुणीतरी, आणि सगळ्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "अगं तू त्या बेंगलोरच्या क्राइस्टला होतीस ना, आमच्या पिंट्याला टाकावं म्हणतोय, जरा सांग की." मग मी अर्धा तास तेच तेच सांगते, पलीकडून "हो का, बरं बरं" येत राहतं आणि शेवटी हळूच, "पण डोनेशन किती?" तर आता एकदाच सगळं लिहून काढतेय, पुढच्या वेळी हेच पाठवून देणार आणि मी चहा पीत बसणार.

मी सांगलीची. बेंगलोरच्या क्राइस्ट युनिव्हर्सिटीत बीए केलं, सायकॉलॉजी होतं. म्हणजे खाली जे आहे ते बीए, बीकॉम, बीबीए असल्या कोर्सच्या बाजूचं आहे, लॉ, इंजिनिअरिंग आणि एमबीएवाल्यांच्या परीक्षा नि नियम वेगळे असतात, त्यांनी आपापल्या कोर्सचं पान वाचा, माझ्यावर विसंबू नका.

लोक सगळ्यात शेवटी विचारतात ते मी सगळ्यात आधी सांगणार, कारण बाकी सगळं जमतं पण इथंच पोरं अडकतात. तिथं ८५ टक्के अटेंडन्स लागतो. ८५ म्हणजे ८५, आपल्याकडं कागदावर ७५ असतो आणि प्रत्यक्षात कॅन्टीनमध्ये पूर्ण होतो तसला नाही. तास सुरू झाला की हजेरी, ती लगेच सिस्टीमवर दिसते, आणि सेमच्या, म्हणजे सेमिस्टरच्या, शेवटी आकडा कमी भरला तर परीक्षेला बसायचे वांधे.

हा हिशोब कागदावर करून बघा, मी पहिल्या महिन्यात वहीच्या मागच्या पानावर केला होता. समजा आठवड्याला ३० तास, सेम १५ आठवड्यांचं, झाले ४५० तास. त्याचे १५ टक्के म्हणजे ६७ तास आणि वर थोडं. दिवसाला ६ तास धरले तर तुमच्या हातात उरले फक्त ११ दिवस, अख्ख्या सेममध्ये. आता त्यातून वजा करा. गणपतीला घरी जायचं तर जाऊन येऊन ४ दिवस. बेंगलोरची हवा बदलली की एक ताप येतोच, ३ दिवस, आणि आजारपणाचे दिवस वेगळे मिळतील असं धरूनच चालू नका, ते ह्याच अकरातले. राहिले ४. त्यात सकाळची गाडी लेट आली, झोप लागली, पोट बिघडलं, असं करत करत ऑक्टोबरपर्यंत शिल्लक शून्य. दुसऱ्या सेमला तर लग्नसराई असते, मामाच्या मुलीच्या लग्नाला हळदीपासून सत्यनारायणापर्यंत थांबायचं म्हणाल तर विसरा, अक्षता टाकायच्या आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं परत. मी तेच केलं, मामी अजून बोलून दाखवते.

एक पळवाट आहे पण ती खरीखुरी आहे, म्हणजे कॉलेजच्याच कामासाठी, स्पर्धेसाठी, फेस्टसाठी तास बुडाले तर तो अटेंडन्स रीतसर क्लेम करता येतो. म्हणून तिथं सगळीच पोरं कसल्या ना कसल्या कमिटीत असतात.

हे आधी का सांगतेय, तर ज्याला ज्युनिअर कॉलेजची दोन वर्षं क्लासला जाऊन कॉलेजात फक्त प्रॅक्टिकलपुरतं तोंड दाखवायची सवय आहे, त्याला हे जड जातं. त्यात फॉर्मल कपडे, गळ्यात आयकार्ड, गेटवर तपासणी. मोठी शाळाच म्हणा की. मला ते जमलं, मला बरंही वाटलं खरं तर, कारण माझ्यासारख्या आळशी बाईला कुणीतरी मागं लागणारं हवंच होतं. पण माझ्याच बॅचचा एक पुण्याचा पोरगा पहिल्या वर्षात गेला परत, हुशार होता, पण त्याला श्वास घेता येत नव्हता म्हणे. तो चुकला असं नाही, त्याला आधी कुणी सांगितलं नव्हतं एवढंच. तेव्हा फॉर्म भरायच्या आधी पिंट्याला विचारा, पिंट्याच्या बाबांना नको.

आता नेमकं हे आहे काय ते थोडक्यात. क्राइस्ट हे १९६९ साली बेंगलोरात सुरू झालेलं कॉलेज, चालवणारे सीएमआय फादर लोक. सीएमआय ही केरळातली कॅथलिक धर्मगुरूंची संस्था, १८३१ ची, स्थापणाऱ्यांपैकी मुख्य नाव कुरियाकोस एलियास चावरा, त्यांना २०१४ ला पोपनी संत म्हणून जाहीर केलं. चर्चच्या शेजारी शाळा काढायची ही त्यांची धडपड, माझी केरळची रूममेट सांगायची की त्यांच्याकडं शाळेला पळ्ळिक्कूडम म्हणतात आणि पळ्ळी म्हणजे चर्च, तिच्या आजीच्या तोंडी अजून तोच शब्द आहे. २००८ साली कॉलेजचं डीम्ड युनिव्हर्सिटी झालं, आपल्याकडं ज्याला अभिमत विद्यापीठ म्हणतात ते. म्हणजे परीक्षा त्यांची, डिग्री त्यांची, बेंगलोर युनिव्हर्सिटीशी संबंध नाही. आणि आपल्या राज्याच्या सीईटी सेलशी, कॅप राउंडशी म्हणजे सरकारी प्रवेश फेऱ्यांशी पण काही घेणंदेणं नाही, त्यामुळे "कॅपमध्ये नंबर लागला नाही तर बघू" असं म्हणत बसलात तर तोपर्यंत तिकडच्या जागा भरलेल्या असतात.

इथं नावाचा एक गोंधळ आहे, दरवर्षी कुणीतरी फसतंच. केंद्राची जी सीयुईटी नावाची प्रवेश परीक्षा असते, एनटीए घेते ती, बीएचयू, दिल्ली वगैरेसाठी, ती वेगळी. क्राइस्टच्या स्वतःच्या एन्ट्रन्सचं नावपण सीयुईटीच आहे, क्राइस्ट युनिव्हर्सिटी एन्ट्रन्स टेस्ट. एकीचा फॉर्म भरून दुसरीचा भरला असं समजू नका. हसू नका, आमच्या ओळखीत झालंय.

फॉर्म साधारण दिवाळीच्या आसपास सुरू होतात आणि टेस्ट वेगवेगळ्या सेशनमध्ये असते, जानेवारी, मार्च, मे अशी. माझं सरळ मत, जानेवारीचंच सेशन धरा. लोक म्हणतात बारावीच्या बोर्डाच्या तोंडावर कशाला डोक्याला ताप, पण नीट बघा, मेपर्यंत थांबलात की ज्या कोर्सला गर्दी असते तो कोर्स शिल्लक असेलच असं नाही, आणि जानेवारीत झालं तर फेब्रुवारीत तुम्ही बोर्डाचा अभ्यास शांत डोक्यानं करता. बारावीचा निकाल नंतर अपलोड करायचा असतो, तोवर ॲडमिशन प्रोव्हिजनल. टेस्ट अवघड नाही, इंग्रजी, रिझनिंग, थोडं गणित, थोडं जीके, असलंच. वेळ पुरत नाही हीच खरी अडचण. मराठी मीडियमवाल्यांनी इंग्रजीच्या उताऱ्यांची प्रॅक्टिस करावी, रोज एक अग्रलेख वाचा, शब्द पाठ करत बसू नका.

खरी गाळणी पुढं आहे. टेस्टनंतर कोर्सप्रमाणे स्किल असेसमेंट किंवा छोटं प्रेझेंटेशन असतं आणि मग पर्सनल इंटरव्ह्यू, आणि दहावी अकरावी बारावीचे मार्क पण धरतात. इंटरव्ह्यूचं मी जरा सविस्तर सांगते, कारण तिथं मी स्वतःची वाट लावून घेणार होते.

माझी तयारी म्हणजे एका क्लासच्या सरांनी दिलेली दोन पानं. "आय ॲम अ हार्डवर्किंग अँड डेडिकेटेड पर्सन" इथपासून ते "माय विकनेस इज दॅट आय ॲम अ परफेक्शनिस्ट" इथपर्यंत, सगळं घोकून पाठ. आत दोन मॅडम होत्या. मी पहिलं वाक्य टाकलं, दुसरं टाकलं, तिसऱ्याला एका मॅडमनी हात वर करून थांबवलं आणि विचारलं, सांगली कशासाठी प्रसिद्ध आहे? माझं घोकलेलं सगळं एका झटक्यात उडालं. मी म्हटलं, टर्मरिक. मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडं पिकते का? मी म्हटलं पिकते थोडी, पण मोठा बाजार आमच्याकडं आहे, लांबलांबून माल येतो. आणि मग मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी हरिपूरच्या पेवांचं सांगायला लागले, की नदीकाठची माती अशी आहे की जमिनीत खोल खड्डे खणून त्यात हळद वर्षानुवर्षं ठेवायचे आणि तिला कीड लागायची नाही, आजोबा सांगायचे की पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, आधी हवा जाऊ द्यायची नाहीतर माणूस गुदमरतो. माझं इंग्रजी तुटकं, खड्ड्याला मी "होल" म्हणतेय, हातानं खोली दाखवतेय, आणि त्या दोघी पेन खाली ठेवून ऐकतायत. नंतर सायकॉलॉजी का घ्यायचंय असं विचारलं तेव्हा माझं तोंड सुटलेलं होतं, मी खरं कारण सांगितलं, घरातल्या एका आजारपणाचं, ते दोन पानांत कुठंच नव्हतं. बाहेर आले तेव्हा बाबा म्हणाले, पाठ केलेलं सगळं आलं का गं? मी म्हटलं, एक ओळ आली.

तर करायचं एवढंच, आपलं गाव, आपण वाचलेली एखादी बातमी, बारावीतला आवडलेला एक धडा आणि हा कोर्स का, ह्या चार गोष्टींवर दोन दोन मिनिटं बोलता आलं पाहिजे, आरशासमोर नाही, घरातल्या अशा माणसासमोर जो मध्येच प्रश्न विचारेल. माझ्या चुलत भावासाठी मी ते काम केलं, त्याला इतकं छळलं की खरा इंटरव्ह्यू त्याला सोपा गेला.

सिलेक्ट झालात की ऑनलाइन कळतं आणि फी भरायला मोजकेच दिवस मिळतात, तारीख गेली की जागा गेली. म्हणून पैशाची सोय आधी. फीचा तक्ता वाचताना नीट बघा, कर्नाटकातले विद्यार्थी एका रकान्यात, इतर राज्यांतले दुसऱ्या, एनआरआय तिसऱ्या, आणि आपण दुसऱ्यातले. कुणीतरी पहिल्या रकान्यातला आकडा बघून घरी सांगतं आणि मग घरात वादावादी. फीशिवाय राहणं, जेवण, वर्षाला चार खेपा, लॅपटॉप, हे सगळं धरून तीन किंवा चार वर्षांचा आकडा काढा आणि मगच हो म्हणा.

लोन घेणार असाल तर इंटरव्ह्यू व्हायच्या आधीच बँकेत जाऊन बसा. नेहमीच्या शैक्षणिक कर्जात ४ लाखांपर्यंत स्वतःचे पैसे घालावे लागत नाहीत आणि साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, असा नियम आहे, ब्रँचमधला माणूस "एफडी ठेवा" म्हणाला तर शांतपणे हे सांगायचं. आमच्याकडं एका बँकेत अडीच महिने फिरवलं, शेवटी बाबांनी दुसऱ्या बँकेत काढलं तर दोन आठवड्यांत झालं, माणूस माणूस असतो. विद्यालक्ष्मी पोर्टलवरून एकदम दोन तीन बँकांना अर्ज करता येतो, ते करा.

आणि मुलींच्या आईवडिलांनो, महाराष्ट्र सरकारनं २०२४ ला मुलींची फी माफ केली ती इथं चालत नाही. त्या जीआरमध्ये कॅपमधून झालेली ॲडमिशन लागते आणि खासगी अभिमत विद्यापीठं सरळ वगळलेली आहेत. ही लाडकी समजूत घेऊन खूप जण येतात. बाकी स्कॉलरशिपचं, विशेषतः एससी एसटी असाल तर राज्याबाहेरच्या शिक्षणाला काय मिळतं ते समाजकल्याणच्या ऑफिसात ॲडमिशन व्हायच्या आधी जाऊन विचारा, नंतर नाही.

डोनेशन. आता ऐका. मॅनेजमेंट सीट करून देतो, आतली ओळख आहे, असं सांगणारा एजंट भेटला तर पैसे देऊ नका. माझ्या मैत्रिणीच्या काकांनी एकाला दिले होते, पुढं त्या माणसाचा फोनच लागेना, आणि गंमत म्हणजे पोरगी स्वतःच्या मार्कांवर आधीच सिलेक्ट झालेली होती. कर्नाटकात कॅपिटेशन फी घेण्याविरुद्ध १९८४ पासून कायदा आहे. सगळा व्यवहार युनिव्हर्सिटीच्या साइटवरून, पावती सकट.

आणि जर मन बदललं, दुसरीकडं चांगलं मिळालं, तर फी परत मिळते. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमात ॲडमिशनच्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी सोडलं तर पूर्ण परत, फक्त प्रोसेसिंगचे थोडे कापून, मग ९० टक्के, ८०, ५० असं उतरत जातं, आणि शेवटच्या तारखेनंतर ३० दिवस उलटले की शून्य. त्या वर्षीचा यूजीसीचा ताजा नियम बघून घ्या, कधीकधी तारखा वाढवतात. मूळ मार्कशीट अडवून ठेवायचा अधिकार कुठल्याच कॉलेजला नाही, तपासून परत द्यायच्या असतात.

कागदपत्रांत महाराष्ट्र बोर्डवाल्यांची तीन दुखणी आहेत. एक, मायग्रेशन सर्टिफिकेट. आपण राज्यातच राहिलो तर ते कधी लागत नाही म्हणून शाळेतल्या क्लार्कला पण धड माहीत नसतं. ते बोर्डाच्या विभागीय मंडळाचं असतं, आमचं कोल्हापूर, निकाल लागल्या लागल्या अर्ज करून टाका. दुसरं, तिकडं सगळे टीसी टीसी म्हणतात, आपली एलसी म्हणजेच ती, घाबरू नका, फक्त मूळ प्रत देण्याआधी चार झेरॉक्स आणि एक स्कॅन काढून ठेवा. तिसरं दुखणं म्हणजे नाव. आपल्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग आपलं नाव, मग वडिलांचं, आधारवर आडनाव शेवटी. तिकडच्या माणसाला पहिला शब्द दिसला की तेच तुमचं नाव. मला पहिला अख्खा महिना आडनावानंच हाक मारत होते, एका प्रोफेसरना तर ते मुलीचं नाव म्हणून फार गोड वाटलं. फॉर्म भरताना मार्कशीटवर आहे तसंच्या तसं भरा, आणि पहिल्या दिवशी हात वर करून सांगून टाका. ह्याशिवाय अँटी रॅगिंगचं हमीपत्र असतं, पोरांचं वेगळं पालकांचं वेगळं, ऑनलाइन भरायचं. १८००-१८०-५५२२ हा रॅगिंगविरोधी हेल्पलाइनचा नंबर पालकांनी सेव्ह करून ठेवावा, मला कधी लागला नाही पण आईला तेवढंच बरं.

जायचं कसं, तर आमच्या भागातून राणी चन्नम्मा एक्सप्रेस, मिरजेला दुपारी बसलं की सकाळी बेंगलोर. मुंबई पुणे सोलापूरवाल्यांना उद्यान एक्सप्रेस. गणपती दिवाळीची तिकिटं सेमचं वेळापत्रक हातात पडलं की त्याच दिवशी काढायची, नाहीतर ट्रॅव्हल्सवाले सणाला जे भाडं लावतात त्यात विमान येतं.

मेन कॅम्पस होसूर रोडला आहे, डेअरी सर्कलजवळ, नंदिनी दुधाची डेअरी तिथंच आहे म्हणून ते नाव. निमहान्स हे मानसिक आजारांचं मोठं हॉस्पिटल पण त्याच रस्त्यावर, सायकॉलॉजीच्या पोरांना त्याचं फार अप्रूप. बन्नेरघट्टा रोड, केंगेरी, यशवंतपूर असे बाकीचे कॅम्पस त्याच शहरात, पण शहर म्हणजे बेंगलोर, एका कॅम्पसवरून दुसऱ्यावर जायला जितका वेळ लागतो तितक्यात सांगलीहून कोल्हापूर येतं. तुमचा कोर्स कुठल्या कॅम्पसला आहे ते फॉर्म भरतानाच बघा आणि खोली त्याच्या चालत्या अंतरावर घ्या. ह्यात तडजोड नको, ८५ टक्के आठवा.

हॉस्टेल मिळालं तर पहिल्या वर्षी घ्या. नाही मिळालं तर मेन कॅम्पसच्या मागं एसजी पाळ्या म्हणून भाग आहे, गल्लीत गल्ली, आणि प्रत्येक गल्लीत पीजी, म्हणजे पेइंग गेस्टच्या खोल्या. मी गेले तेव्हा दोघींच्या खोलीला जेवणासकट डोकी साडेनऊ हजार होते, आता वाढलेच असतील. फोटो बघून पैसे पाठवू नका. जाऊन बघा, आणि बघायला संध्याकाळी जा, पाणी येतं का, रात्री गल्लीत उजेड किती, जेवणाला वास कसला येतोय, ते संध्याकाळीच कळतं. डिपॉझिट किती, सोडताना त्यातून काय कापणार आणि किती दिवस आधी सांगायचं, हे कागदावर लिहून घ्या. मी तोंडी ठरवलं होतं, सोडताना पेंटिंगच्या नावाखाली एक महिन्याचं भाडं गेलं, भिंतीला मी हातसुद्धा लावला नव्हता.

जेवणाचं म्हणाल तर पहिले पंधरा दिवस रडायला येतं. पीजीत रोज भात, सांबार, आणि चपाती म्हणून जे येतं त्याबद्दल न बोललेलं बरं. पण बेंगलोरात उत्तर कर्नाटकच्या खानावळी असतात, पाटीवर खानावळीच लिहिलेलं असतं, कन्नडमध्ये, कुणाकडून तरी शोधून घ्या. तिथं जोळद रोट्टी मागायची. येते ती आपली ज्वारीची भाकरी. सोबत एण्णेगायी म्हणून जे येतं ती आपली भरली वांगी, आणि शेंगाची चटणी, दही, कांदा. मी पहिल्यांदा तो घास खाल्ला आणि समोर बसलेल्या मल्याळी रूममेटला कळेना की ही वांग्याकडं बघून का रडतेय.

भाषा थोडी शिका. रिक्षावाल्याला, दुकानदाराला भैया म्हणू नका, अण्णा म्हणा, भाव पण बदलतो. "ऊटा आयता", म्हणजे जेवण झालं का, एवढं विचारलं तरी पीजीच्या आंटी खूश. आणि मुलींनो, कर्नाटकात २०२३ पासून बायकांना सरकारी बस फुकट आहे खरी, पण ती तिथल्या पत्त्याचं ओळखपत्र असलेल्यांना. आपलं आधार महाराष्ट्राचं, तिकीट काढायचं, कंडक्टरशी वाद घालून मी बघितलाय, उपयोग नाही.

अभ्यास. शेवटच्या महिन्यात गाईड आणून रट्टा मारायची आपली पद्धत तिथं चालत नाही, कारण सेमच्या शेवटच्या परीक्षेला निम्मंच वजन असतं, बाकीचे निम्मे मार्क सीआयए, मिडसेम आणि अटेंडन्सचे. सीआयए म्हणजे सतत काही ना काही द्यायचं, प्रेझेंटेशन, रिपोर्ट, ग्रुपमध्ये व्हिडिओ, कुठंतरी जाऊन मुलाखती घ्या. कॉपी पेस्ट केलं तर पकडलं जातं. सगळ्या विषयांच्या तारखा एकाच आठवड्यात पडतात, त्यामुळे सेमच्या पहिल्या दिवशी तारखा मोठ्या कागदावर लिहून कपाटाच्या दाराला चिकटवा. आणि ग्रुप निवडताना मैत्री बघू नका, वेळेवर फाइल पाठवणारं माणूस बघा. ह्यावरून माझी एक मैत्रीण दोन महिने बोलत नव्हती, मार्क बघून बोलायला लागली.

आता तो प्रश्न, जो काकू कधीच सरळ विचारत नाहीत. "तिथं ते... प्रार्थना वगैरे करायला लावतात का गं?" आमच्या आजीनं सरळ विचारलं होतं, बाटवणार नाहीत ना पोरीला, आणि निघताना पितळेची एवढीशी गणपतीची मूर्ती पर्समध्ये घातली. तर, संस्था ख्रिश्चन आहे आणि ते लपवत नाहीत. फादर आहेत, सिस्टर आहेत, शेजारीच धर्माराम म्हणून त्यांचं सेमिनरी आहे जिथं फादर व्हायचं शिक्षण होतं, कार्यक्रमाची सुरुवात प्रार्थनागीतानं होते, आपल्याकडं दीपप्रज्वलन होतं तसं. होलिस्टिक एज्युकेशन नावाचा तास असतो, त्यात स्वभाव, नाती, वेळेचं नियोजन असलं काहीतरी, बायबल नाही. तीन वर्षांत मला कुणी चर्चमध्ये ये म्हटलं नाही. मी आपणहून गेले, डिसेंबरात, मॅग्निफिकॅट म्हणून ख्रिसमसचा मोठा कार्यक्रम असतो त्या दिवसांत सगळा कॅम्पस दिव्यांनी भरतो आणि पोरं कॅरल म्हणतात, तेव्हा रूममेटबरोबर मागच्या बाकावर जाऊन बसले. शांत वाटलं. आजीला सांगितलं तर म्हणाली, बरं केलंस, देवच तो. गणपती माझ्या टेबलावर तीन वर्षं होता, रूममेटनं त्याच्या शेजारी तिची मदर मेरी ठेवली आणि परीक्षेच्या सकाळी आम्ही दोघी दोघांनाही नमस्कार करायचो, कुणाचा वशिला लागला सांगता येत नाही.

ज्यांना बेंगलोर लांब वाटतं त्यांच्यासाठी क्राइस्टचा एक कॅम्पस लवासाला आहे, मुळशी तालुक्यात. कागदावर पुण्याजवळ, पण घाट चढून जावं लागतं आणि तिथं गेलात की गेलात, तळं, डोंगर, धुकं आणि कॉलेज. अभ्यासाला झकास, पण संध्याकाळी एफसी रोडला चक्कर मारू असं डोक्यात असेल तर तो पत्ता चुकला. जूनच्या आत एकदा आणि भर पावसात एकदा बघून या, मग ठरवा. ज्यांना ख्रिश्चन वातावरणच हवंय त्यांच्यासाठी पुण्यात औंधला स्पायसर ॲडव्हेंटिस्ट युनिव्हर्सिटी पण आहे, अगदी वेगळ्या पंथाची, शनिवार त्यांचा पवित्र वार. आणि मुंबईचं झेवियर्स, विल्सन ही कॉलेजं आहेत, युनिव्हर्सिटी नाहीत, त्यांची ॲडमिशन वेगळ्या रस्त्यानं होते, तिकडं क्राइस्टचा स्कोअर दाखवून काही व्हायचं नाही.

सामान काय न्यायचं ते आईलोकांना चांगलं कळतं, मी फक्त राहून जाणारं सांगते. फॉर्मलचे चार जोड आणि पायाला न चावणारे बूट, हे इकडूनच शिवून, घेऊन, आठवडाभर घालून बघून न्या. एक पातळ स्वेटर, बेंगलोरात जूनमध्येही संध्याकाळी लागतो. मेतकूट, शेंगाची चटणी, थोडे पोहे, इलेक्ट्रिक किटलीत पोहे भिजवून खायची विद्या हळूहळू येते. आणि मुलींनी एक नऊवारी न्यावी, शिवलेली चालेल. भाषा उत्सव म्हणून एक दिवस असतो, आपापल्या राज्याचे कपडे घालून यायचं, त्या दिवशी फॉर्मलची सुट्टी. पहिल्या वर्षी माझ्याकडं काहीच नव्हतं, मी साध्या कुर्त्यात उभी आणि शेजारून मणिपूरच्या, केरळच्या, पंजाबच्या पोरी नटून चाललेल्या. पुढच्या वर्षी आईकडून नऊवारी आणि नथ मागवली, लातूरचा एक आणि नागपूरची एक असे मिळून आम्ही सहा जण जमवले, लेझीम कुठं मिळेना म्हणून नागपूरकरीण म्हणाली टाळ्यांवर करू, आणि आम्ही मैदानाच्या कडेला टाळ्यांवर लेझीम केलं, पाय चुकत होते, नथ दोनदा पडली, आणि आमच्या इंटरव्ह्यूच्या त्या दोन मॅडमपैकी एक समोर येऊन म्हणाल्या, यू आर द टर्मरिक गर्ल, नो?